एका नष्टप्राय मूकपटाचीं साधनें : बिल पिकेट आणि ‘दि बुल-डॉगर’

सनदा, महजर, वतनपत्रें आणि जुन्या दप्तरांचे रुमाल यांच्या शोधांत आयुष्य घालविणाऱ्या संग्राहकापुढें रंगीत छपाईचा एखादा जाहिरातीचा कागद ठेवला, तर तो गृहस्थ बहुधा कागद उलटून पाठीमागची कोरी बाजू टिपणांस उपयोगी पडेल काय, एवढेंच पाहील. ही उपेक्षा आम्हींही पुष्कळ वर्षें केली आहे. जाहिरात म्हटली कीं अतिशयोक्ति आली, आणि अतिशयोक्ति जेथें उघड तेथें इतिहासाचें काय काम, असा आमचा समज होता. हा समज ज्या प्रकरणानें ढळला तें प्रकरण या देशांतलें नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टपालखात्यानें १९९३ सालीं एका मृत मनुष्याचा चेहरा तिकिटावर चुकीचा छापला, आणि पुढल्या वर्षीं ती चूक दुरुस्त झाली ती सुमारें सत्तर वर्षांपूर्वींच्या एका मूकपटाच्या भित्तिपत्रकावरून. ज्या मूकपटाचें तें पत्रक, तो आज तुकड्यांच्या रूपानेंच काय तो शिल्लक आहे. मूळ ग्रंथ गेला आणि वेष्टनावरचा मजकूर राहिला, असाच हा प्रकार. वेष्टनावरून ग्रंथाविषयीं किती सांगतां येतें आणि किती सांगूं नये, हा या लेखाचा विषय आहे.

मूकपटाचें नांव ‘दि बुल-डॉगर’. तो फ्लॉरिडा संस्थानांतील जॅक्सनव्हिल येथील नॉर्मन फिल्म मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनें काढला. कोणी त्याचें वर्ष १९२१ देतात, कोणी १९२२. चित्रण आधींच्या वर्षीं व प्रदर्शन पुढल्या वर्षीं, असें मानल्यास या दोन सालांत वस्तुतः विरोध उरत नाहीं. पत्रकावर नायकाची छबी असून त्याचें नांव बिल पिकेट असें ठळक दिलें आहे. तो कृष्णवर्णीयांतला जगज्जेता आहे, मेक्सिकोच्या वृषभरिंगणांत त्यानें नांव मिळविलें आहे, आणि प्राणावर बेतणारीं धाडसें तो येथें करून दाखवील, असा त्यावरील मजकुराचा आशय. छाती धडधडेल, हंसूंही येईल, असेंही आश्वासन आहे. नाटकवाल्यांच्या हस्तपत्रकांची ज्यांना ओळख आहे त्यांना ही भाषा नवी वाटणार नाहीं.

रोडिओ हा शब्द स्पॅनिश भाषेंतला. मोकळ्या रानांत पांगलेलीं गुरें चोहोंकडून वळवून एके ठिकाणीं आणणें, हा त्याचा मूळ अर्थ. पुढें गुराख्यांच्या रोजच्या कामांतलेंच कसब, म्हणजे बेफाम घोड्यावर बसणें, धांवत्या वांसराला फांसा टाकणें, बैल लोळविणें, प्रेक्षकांसमोर पैजेनें करून दाखविण्याच्या खेळास तें नांव पडलें. चित्रपटांनीं जगभर पसरविलेला काउबॉय बहुतकरून गौरवर्णीच असतो. प्रत्यक्षांत टेक्सासच्या रानांतल्या गुराख्यांपैकीं चौघांत एक कृष्णवर्णीय असावा, असा अमेरिकन इतिहासकारांचा अजमास आहे. त्या चौथ्याची साधनें कोठें गेलीं, या प्रश्नाच्या पोटांत आमचें प्रस्तुत प्रकरण बसतें.

विल्यम ऊर्फ बिल पिकेट टेक्सासमध्यें १८७० सालीं जन्मला. बाप टॉमस जेफर्सन पिकेट हा पूर्वायुष्यांत गुलाम होता. गुलामगिरी उठून त्या वेळीं अवघीं पांच वर्षें झालीं होतीं. तेरा भावंडांत बिल दुसरा. शिक्षण पांचवीच्या आसपास सुटलें व मुलगा गुरांच्या कामास लागला. पुढें टेलर या गांवीं भावांसह त्यानें दांडगे घोडे माणसाळविण्याचा धंदा चालविला. या भावांपैकीं एकाचें नांव बेन. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण लेखाच्या शेवटीं त्याच्याशींच गांठ आहे.

बिलच्या कीर्तीचें मूळ एका विलक्षण युक्तींत आहे. त्या भागांतले गुराखी झुडपांत शिरून बसलेलीं गुरें बाहेर काढण्यासाठीं कुत्रे बाळगीत. असा कुत्रा गुराच्या वरच्या ओठास दांत रोवून लोंबकळला कीं केवढेंही जनावर जागच्या जागीं खिळून राही. पोरवयांत बिलनें हें पाहिलें आणि कुत्र्याला जें जमतें तें आपल्याला कां जमूं नये, असा विचार केला. मग धांवत्या घोड्यावरून बैलाच्या मानेवर झेप घालावी, दोन्ही शिंगें धरून मान पिळावी, नाक वर आलें कीं वरचा ओठ दांतांत धरावा आणि हात सोडून पाठीवर पडावें. बैल आपोआप त्याच्याबरोबर आडवा होई. या प्रकारास ‘बुलडॉगिंग’ हें नांव पडलें तें त्या कुत्र्यांवरून. अमेरिकन लेखक या ठिकाणीं मोठें आश्चर्य व्यक्त करतात. ज्याच्या घरीं बैल आहेत त्या मराठी वाचकास तितकें वाटणार नाहीं. बैलाचें सारें बळ नाकाशीं हरतें हें वेसण घालणारा प्रत्येक शेतकरी जाणतो. बिलनें वेसणीच्या जागीं स्वतःचे दांत वापरले, इतकाच फरक. झेप घालण्यास लागणारी छाती ही मात्र वेगळी गोष्ट.

येथेंच शब्दाविषयीं एक खुलासा करणें जरूर आहे. ‘बुल’ या इंग्रजी शब्दानें वळूचा बोध होतो. परंतु रोडिओंत लोळविलें जाणारें जनावर वळू नसून खच्ची केलेला बैल असतें. इंग्रजींत त्याला ‘स्टीअर’ म्हणतात, आणि आजच्या रोडिओंत या खेळाचें अधिकृत नांवही ‘स्टीअर रेसलिंग’ असेंच आहे. त्यांतला दांतांचा भाग गेला, झेप व शिंगांची पिळणी राहिली. बैल सरळ रेषेंत पळावा म्हणून त्याच्या दुसऱ्या बाजूनें एक जोडीदार घोडा दामटतो. वळू व बैल यांतला हा भेद क्षुल्लक नाहीं. पिकेटच्या आयुष्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध प्रसंगीं त्याच्यासमोर खरोखरीचा वळू होता.

तो प्रसंग सांगण्यापूर्वीं त्याच्या धन्याची ओळख करून दिली पाहिजे. ओक्लाहोमांत, पोंका सिटीच्या जवळ, मिलर नांवाच्या घराण्याची ‘१०१ रँच’ म्हणून अवाढव्य मालमत्ता होती. बाप जॉर्ज वॉशिंग्टन मिलर यानें १८९३ त ती थाटली. १९०३ त तो वारल्यावर जोसेफ, झॅक व जॉर्ज या मुलांनीं ती वाढविली. विस्तार १,१०,००० एकरांच्या घरांत असून त्यांतली पुष्कळ जमीन पोंका वगैरे मूळ रहिवाशांच्या जमातींकडून खंडानें घेतलेली होती. ११ जून १९०५ रोजीं या बंधूंनीं वृत्तपत्रसंपादकांच्या संमेलनानिमित्त एक महोत्सव भरविला. सुमारें ६५,००० लोक जमले. वृद्ध जेरोनिमो यास सरकारी पहाऱ्यांत तेथें आणलें होतें. आणि बिल पिकेटनें बैल लोळविला. तेथून तो मिलरांच्या फिरत्या खेळाचा मानकरी झाला. त्याच खेळाशीं संबंध असलेले टॉम मिक्स व विल रॉजर्स पुढें चित्रपटांत केवढे गाजले हें सर्वश्रुत आहे. त्यांच्या वांट्यास आलेलें भाग्य पिकेटच्या वांट्यास आलें नाहीं, आणि त्याचें कारण शोधावयास दूर जाणें नको. गोऱ्यांच्या स्पर्धांतून कृष्णवर्णीयांस मज्जाव असे. म्हणून जाहीर करतांना त्याला कधीं इंडियन, कधीं आणखी कोणी म्हणून पुढें करीत. वर्णाचा उल्लेख करावयाचाच तर तो ‘सांवळा राक्षस’ अशा थाटाच्या बिरुदांतून.

संशोधकास ही गोष्ट फार अडचणीची आहे. एखाद्या मनुष्याचें नांव कागदांत सांपडत नाहीं याचे दोन अर्थ होतात: तो तेथें नव्हता, किंवा तो होता पण दुसऱ्याच जातीकुळीच्या नांवाखालीं. पहिला अर्थ घेण्याची घाई आमच्याकडेही पुष्कळांनीं केली आहे.

आतां मेक्सिकोचा प्रसंग. डिसेंबर १९०८ त मिलरांचा खेळ मेक्सिको शहरीं गेला. जोसेफ मिलरनें तेथल्या वृषभयुद्धाच्या नामांकित खेळाडूंस डिंवचलें, पैज लागली, आणि पिकेट निःशस्त्र रिंगणांत उतरून लढाऊ वळूच्या शिंगांस लोंबकळून राहिला. त्याचा आवडता घोडा स्प्रॅडली यास वळूनें शिंग मारून जखमी केलें. आपल्या राष्ट्रीय खेळाची ही थट्टा आहे असें वाटून प्रेक्षकांनीं बाटल्या व दगड यांचा वर्षाव केला. पिकेट जखमी झाला, पण जिवंत बाहेर आला. इतका गाभा सर्वांस मान्य आहे. किती मिनिटें तो लोंबकळला, पैज किती पेसोंची होती, फेंकलेली वस्तु नेमकी कोणती व ती कोठें लागली, हे तपशील मात्र सांगणाऱ्यागणिक पालटतात.

पालटतात याचें कारण उघड आहे. या कथेचा मुख्य आधार म्हणजे धाकट्या पिढीस धन्यानें सांगितलेल्या आठवणी. झॅक मिलरच्या तोंडच्या हकीकती फ्रेड गिप्सन यानें १९४६ त ‘फॅब्युलस एम्पायर’ या पुस्तकांत ग्रथित केल्या, म्हणजे घटनेनंतर ३८ वर्षांनीं व पिकेटच्या मृत्यूनंतर १४ वर्षांनीं. त्यापूर्वीं १९३७ सालीं एल्सवर्थ कॉलिंग्ज व आल्मा मिलर इंग्लंड यांचा १०१ रँचवरील ग्रंथ निघाला. त्यांतली बाई मिलर घराण्यांतलीच. पिकेटचें स्वतंत्र चरित्र बेली हेन्झ यानें १९७७ त प्रसिद्ध केलें. बखर कशी तयार होते हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना या साखळीचें स्वरूप सांगावयास नको. सरदाराच्या वंशजाकडून सेवकाच्या पराक्रमाची कथा येते तेव्हां पराक्रम खरा असूं शकतो, पण चौकट सरदाराची असते: पैज धन्याची, हुशारी धन्याची, नफा धन्याचा, सेवकानें फक्त शिंगें धरावयाचीं. खुद्द पिकेट त्या क्षणीं काय म्हणाला हें ज्या पुस्तकांत अवतरणचिन्हांत छापलेलें आढळेल, तें अवतरण आम्ही तरी प्रमाण धरणार नाहीं.

तरी पण ही संपूर्ण कथा उत्तरकालीन बनावट आहे असें म्हणणाऱ्यास आमचें भित्तिपत्रक उत्तर देतें. त्यांत ‘मेक्सिकोच्या रिंगणाचा वीर’ हा उल्लेख १९२१-२२ सालींच आहे. तेव्हां पिकेट हयात होता, मिलरांचा डोलारा उभा होता, आणि ज्यांनीं १९०८ च्या मोहिमेंत भाग घेतला असे कित्येक लोक जिवंत होते. पत्रकानें घटना सिद्ध होत नाहीं. ती कथा त्या सालीं चारचौघांत सर्रास चालत होती, एवढें सिद्ध होतें. एवढेंही पुष्कळ आहे. झॅक मिलरनें म्हातारपणीं ती रचली असा आरोप यापुढें करतां येणार नाहीं. रंग भरल्याचा आरोप करतां येईल.

चित्रपटाचा कर्ता रिचर्ड एडवर्ड नॉर्मन हा फ्लॉरिडांतला गौरवर्णी गृहस्थ. जन्म १८९१, मृत्यु १९६०. ज्यांत सर्व नटनटी कृष्णवर्णीय व ज्यांचा प्रेक्षकही कृष्णवर्णीय, असे चित्रपट त्या काळीं अमेरिकेंत निघत. त्यांना ‘रेस फिल्म’ म्हणत. वेगळ्या नाट्यगृहांत, किंवा गोऱ्यांच्या नाट्यगृहांत मध्यरात्रीनंतर, त्यांचे प्रयोग होत. नॉर्मननें हाच व्यापार पत्करला. तो स्वतः चित्रपटाचीं रिळें बरोबर घेऊन गांवोगांव हिंडे, नाट्यगृहाच्या चालकांशीं उत्पन्नाची वांटणी ठरवी, आणि पत्रकें लावी. त्याच्या हेतूंत परोपकार किती व व्यापार किती, याची चर्चा अमेरिकेंत झाली आहे. आमच्या मतें त्याच्या चित्रपटांत कृष्णवर्णीय मनुष्य विदूषक म्हणून न येतां वैमानिक, गुप्त पोलिस, रँचवाला म्हणून येतो, हा पुरावा हेतूच्या चर्चेपेक्षां अधिक भारी आहे. व्यापाऱ्यानें चांगला माल विकला तर त्याला नांवें कां ठेवावींत!

चित्रणासाठीं तो ओक्लाहोमांतल्या बोली या गांवीं गेला. हें गांवच एक ऐतिहासिक साधन आहे. १९०३ सालीं फोर्ट स्मिथ अँड वेस्टर्न रेल्वेच्या कांठीं तें वसलें. ज्या जमिनीवर वसलें ती क्रीक जमातीकडील मुक्त गुलामांच्या वंशांतल्या ॲबिगेल बार्नेट हिच्या नांवची. नगराध्यक्ष, सावकार, दुकानदार, पोलिस, सर्व कृष्णवर्णीय. बुकर टी. वॉशिंग्टन यांनीं तेथें जाऊन आल्यावर त्याची मोठी वाखाणणी केली. १९०७ त ओक्लाहोमास राज्याचा दर्जा मिळाला, आणि त्या नव्या विधिमंडळानें प्रथम जे कायदे केले त्यांतच आगगाडीच्या डब्यांत वर्णानुसार वेगळें बसविण्याचा कायदा होता. १९२१ च्या मे महिन्याच्या अखेरीस व जूनच्या पहिल्या तारखेस त्याच राज्यांतल्या टल्सा शहरीं गोऱ्यांच्या जमावानें ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची पेठ लुटून जाळली. ३५ चौक बेचिराख झाले. ज्या सालीं ही जळित झाली त्याच सालीं, त्याच राज्यांत, एका कृष्णवर्णीयांच्या गांवीं कृष्णवर्णीय गुराखी घोड्यावर बसून कॅमेऱ्यासमोर दौडत होते. या दोन गोष्टींचा परस्पर कार्यकारणसंबंध आम्ही जोडीत नाहीं. परंतु त्या चित्रपटाकडे पाहणाऱ्या पहिल्या प्रेक्षकांच्या मनांत टल्सा नव्हतें असें मानणें कठीण आहे.

नॉर्मन हिशेबी होता. एका प्रवासाच्या खर्चांत त्यानें दोन चित्रपट उरकले: एक ‘दि बुल-डॉगर’ व दुसरा ‘दि क्रिम्सन स्कल’, ज्यांत सांगाड्याचा वेष करणारा दरोडेखोरांचा म्होरक्या आहे. पिकेट दोहोंत आहे. ॲनिटा बुश हीही दोहोंत आहे. १९१५ सालीं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत कृष्णवर्णीयांची नाटकमंडळी काढणारी ती हीच बाई, आणि तिच्याच मंडळींतून पुढें लाफायेट प्लेयर्स ही प्रसिद्ध संस्था झाली. एका पायाचा स्टीव्ह रेनॉल्ड्स हाही नॉर्मनच्या चित्रपटांतला नेहमीचा गडी. ‘हंसूंही येईल’ हें आश्वासन बहुधा त्याच्या जिवावर दिलेलें असावें. दोन चित्रपट, एक गांव, तींच माणसें. सबब एखादें सुटें छायाचित्र हातीं आलें असतां त्याच्या पाठीवरची नोंद पाहिल्याखेरीज तें कोणत्या चित्रपटांतलें हें सांगण्याच्या भरीस पडूं नये.

पिकेट या वेळीं पन्नाशीस आलेला होता. म्हणून ‘दि बुल-डॉगर’ हा त्याच्या भरज्वानीतल्या अंगबळाचा पुरावा नव्हे. १९०५ चा अथवा १९०८ चा पिकेट कसा झेप घेई हें पन्नाशीतल्या पिकेटवरून ठरविणें, म्हणजे नातवाच्या हातच्या नकलेवरून आजोबाचें अक्षर ठरविण्यासारखें आहे. पण दुसऱ्या एका बाबतींत या चित्रपटाची किंमत फार मोठी आहे. मिलरांच्या खेळांत ज्याला परका वेष चढवीत, तो मनुष्य येथें आपल्या नांवानें, आपल्या वर्णानें, नायक म्हणून उभा आहे. पत्रकावर त्याचें नांव चित्रपटाच्या नांवाच्या बरोबरीनें छापलें आहे.

चित्रपट पांच रिळांचा होता. वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें त्याचे तुकडे जतन केले आहेत. पूर्ण प्रत नाहीं. असें कां झालें हें हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं समजून घेण्यासारखें आहे. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. ती सहज पेट घेते. न पेटली तर कालांतरानें चिकट होते, मग तिची पूड होते. शिवाय तिच्यांत चांदी असे, आणि जुनीं रिळें वितळवून चांदी काढणें हा धंदाच होता. ताम्रपट मोडीत घालणाऱ्या कासाराची आठवण येथें कोणास झाल्यास नवल नाहीं. लायब्ररी ऑफ काँग्रेसनें २०१३ त प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें १९१२ ते १९२९ या काळांत अमेरिकेंत निघालेल्या सुमारें ११,००० दीर्घ मूकपटांपैकीं मूळ स्वरूपांत शिल्लक आहेत ते अवघे शेंकडा १४. श्रीमंत कंपन्यांची ही दशा, तर स्वतः रिळें वाहून नेणाऱ्या नॉर्मनची काय कथा? एक-दोन प्रती गांवोगांव फिरून झिजत. झिजल्या कीं संपलें. त्याच्या दीर्घ चित्रपटांपैकीं संपूर्ण असा एकच उरला, १९२६ चा ‘दि फ्लाइंग एस’; तो २०२१ त अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचींत दाखल झाला.

रिळें गेलीं, पण नॉर्मनचे कागद राहिले. पत्रव्यवहार, हिशेब, पत्रकें असा त्याचा दप्तरसंग्रह इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयांत आहे. पहिली कृष्णवर्णीय स्त्री-वैमानिक बेसी कोलमन हिनें आपल्या आयुष्यावर चित्रपट काढावा म्हणून नॉर्मनकडे लावलेलें लकडेंही त्यांत सांपडतें. १९२६ च्या एप्रिलांत ती विमान-अपघातांत वारली व तो बेत राहून गेला. जॅक्सनव्हिलच्या आर्लिंग्टन भागांतल्या त्याच्या चित्रशाळेच्या इमारतींत पुढें त्याची पत्नी नृत्याची शाळा चालवी; २०१६ त त्या वास्तूस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

पिकेटचा शेवट त्याच्या धंद्यास साजेसा झाला. १९१४ सालीं मिलरांचा खेळ लंडनांत शेपर्ड्स बुश येथें चालू असतांच युद्ध पेटलें आणि इंग्लंडच्या सरकारनें घोडे लष्करासाठीं काढून घेतले. तेव्हांपासून त्या घराण्याची कळा उतरत गेली. १९३१ त १०१ रँच कर्जापायीं कोर्टाच्या ताब्यांत गेली. पुढच्या वसंतांत झॅक मिलरसाठीं घोडे निवडण्याचें काम करीत असतां एका घोड्याची लाथ पिकेटच्या डोक्यास बसली. कांहीं दिवस बेशुद्धींत काढून २ एप्रिल १९३२ रोजीं तो वारला. विल रॉजर्सनें आकाशवाणीवरून ही वार्ता सांगितली. पोंका जमातीचा मुख्य व्हाइट ईगल याच्या स्मारकाजवळ, एका टेंकाडावर, त्याला पुरलें.

यानंतर चाळीस वर्षें त्याचें नांव जुन्या रोडिओवाल्यांपुरतें राहिलें. १९७० नंतर तें पुन्हां वर आलें. ओक्लाहोमा सिटी येथील काउबॉयांच्या कीर्तिमंदिरांत स्थान मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला, आणि १९८४ त त्याच्या नांवानें कृष्णवर्णीयांचा एक फिरता रोडिओही सुरू झाला. या पुनरुज्जीवनाच्या ओघांतच टपालखात्याचें प्रकरण उपस्थित झालें.

‘पश्चिमेचे ख्यातनाम’ या विषयावर २९ सेंटांच्या २० तिकिटांचा एक ताव खात्यानें योजिला. बफेलो बिल, ॲनी ओकली, जेरोनिमो यांच्या पंक्तीस पिकेट बसविला. चित्रकार मार्क हेस यानें उपलब्ध छायाचित्रावरून चेहरा काढला. १९९३ च्या डिसेंबरांत ताव जाहीर झाला, आणि थोड्याच दिवसांत पिकेटच्या वंशजांनीं कळविलें कीं हा आमचा बिल नव्हे, हा त्याचा भाऊ बेन. खात्यानें तपास केला. छायाचित्र ज्या नांवाखालीं जपलें व छापलें गेलें होतें तें नांवच चूक होतें. ताव परत मागविण्यांत आले. मग नवें तिकीट तयार झालें, आणि त्यासाठीं चेहरा घेतला तो ‘दि बुल-डॉगर’च्या भित्तिपत्रकावरून. दुरुस्त ताव १९९४ च्या ऑक्टोबरांत विक्रीस आले.

या चुकीची जात नीट ओळखली पाहिजे. एका छायाचित्राखालीं केव्हां तरी कोणी चुकीचें नांव लिहिलें. तें एका पुस्तकांत गेलें, त्यावरून दुसऱ्यांत, त्यावरून तिसऱ्यांत. तिकिटाच्या सल्लागारांनीं ताडून पाहिलें तेव्हां त्यांना अनेक पुस्तकांची एकवाक्यता दिसली असेल. वस्तुतः साक्षीदार एकच होता आणि बाकीचे त्याचे प्रतिध्वनि. एका नकलेवरून केलेल्या दहा नकला म्हणजे दहा पुरावे नव्हेत, हें वंशावळींच्या वादांत आपण वारंवार म्हणतों आणि वारंवार विसरतों.

मग पत्रकावरचा चेहरा तरी खरा कशावरून? जाहिरातवाला खोटें बोलणार नाहीं कशावरून? आमचें उत्तर असें कीं जाहिरातवाला अवश्य खोटें बोलेल, पण जेथें तें पचेल तेथेंच. पिकेट जगज्जेता होता किंवा नव्हता हें बोलीच्या अगर जॅक्सनव्हिलच्या प्रेक्षकास ताडून पाहतां येत नव्हतें. तेथें नॉर्मनचा हात मोकळा होता. चेहऱ्याचें तसें नाहीं. दाराशीं पत्रक पाहून जो आंत जाई त्याला घटकाभरांत पडद्यावर तोच मनुष्य हालतांना दिसावयाचा. दारावर एक व आंत दुसरा दिसता तर तिकिटाचे पैसे परत मागितले गेले असते. म्हणजे एकाच कागदावर, एकाच शाईनें छापलेल्या दोन गोष्टींचें प्रामाण्य सारखें नाहीं: बिरुद संशयास्पद, छबी विश्वसनीय. शिवाय पत्रक समकालीन आहे, नायकाच्या हयातींतलें आहे, आणि त्याच्या कर्त्यानें नायकास समोर उभें करून चित्रित केलें होतें. फिल्मचे जे तुकडे राहिले आहेत त्यांतला पिकेट हा या साक्षीचा दुसरा साक्षीदार. तो पत्रकावरून नकललेला नाहीं, म्हणून त्याची साक्ष स्वतंत्र धरावयाची. वंशजांची ओळख हा तिसरा. तीन स्वतंत्र साक्षी एकत्र आल्या तेव्हां निर्णय झाला, आणि तो योग्य झाला असें आम्हांस वाटतें.

वंशजांचा उल्लेख आम्हीं शेवटीं केला, पण क्रमानें तो पहिला यावयास हवा होता. खात्यानें त्यांना चेहरा छापण्यापूर्वीं दाखविला असता तर पुढचें कांहींच घडलें नसतें. घराण्यांत जाऊन विचारावें, हा आमच्याकडच्या संशोधनाचा जुना शिरस्ता. वाडे धुंडाळून म्हाताऱ्या बायकांकडून नात्यांचे उलगडे करून घेणाऱ्यांची टर उडविणारे लोक आमच्यांतही आहेत. त्यांच्यासाठीं हें उदाहरण टिपून ठेवीत आहों.

आतां चुकीच्या तावांविषयीं. ठरल्या तारखेपूर्वींच कांहीं टपालकचेऱ्यांनीं थोडे ताव विकून टाकले होते. ते दुर्मिळ ठरणार आणि त्यांच्या किमती भडकणार हें दिसतांच खात्यानें एक तोड काढली: चुकीचे १,५०,००० ताव सोडत काढून, दर्शनी किंमत ५ डॉलर ८० सेंट व वर पाठवणावळ घेऊन संग्राहकांस विकले, उरलेले नष्ट केले. ज्यांना ते मिळाले त्यांनीं ते चूक म्हणूनच घेतले व चूक म्हणूनच जपले. परंतु तावाच्या पाठीवर बिल पिकेटचीच माहिती छापलेली आहे, आणि पुढच्या बाजूस चेहरा बेनचा आहे. हे ताव वारसांच्या हातीं जातील, सुटे होतील, एखादें तिकीट कोणाच्या वहींत एकटें उरेल. १९९४ सालची हकीकत त्याबरोबर जाईलच असें नाहीं. ज्या कोणा सभासदांच्या संग्रहीं असा ताव आला असेल त्यांनीं त्याच्या पाकिटावर ‘चित्र बेन पिकेटचें, मजकूर बिल पिकेटचा’ एवढे शब्द पक्क्या शाईनें लिहून ठेवावे, आणि शक्य झाल्यास १९९४ च्या ऑक्टोबरांतला दुरुस्त ताव शेजारींच ठेवावा.